जुन्या नाशकातला वाडा पाडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिवंधा चौक, तांबट लेन, घनकर लेन, भद्रकाली, म्हसरूळ टेक, पंचवटीत काळाराम मंदिरामागच्या गल्ल्या. या सगळ्या भागांत आज एखादा वाडा पाडला जातोय, एखादा पडायला आलाय, आणि एखाद्याच्या जागी पत्र्यांचे कुंपण उभे आहे. मालक, भाडेकरू आणि शेजारी तेच ते प्रश्न विचारतात, आणि बहुतेक वेळा जेसीबी दारात आल्यावर विचारतात. प्रत्येक वाडा टिकलाच पाहिजे असा हट्ट आम्ही धरत नाही. जे पाडायचे ते आधी मोजून, लिहून आणि शेजाऱ्याला सांगून पाडा, एवढाच आग्रह आहे.

इतके वाडे एकदम का पडू लागलेत?

एकदम दिसते, पण ही पडझड दोन-तीन पिढ्यांची आहे. दगडी जोते, सागवानी खांब आणि तुळया, मधे मातीच्या गाऱ्यात रचलेल्या विटांच्या भिंती, वर कौले किंवा धाबे, असे हे बांधकाम. दर उन्हाळ्यात कौले चाळली, पन्हळी साफ केल्या, तर ते दीडशे-दोनशे वर्षे सहज उभे राहते. एका जागी गळती लागली आणि तीन-चार पावसाळे कोणी लक्ष दिले नाही, की भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजते. बाहेरून काही दिसत नाही. वाळवीही तिथूनच सुरू होते.

लक्ष का दिले जात नाही? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापासून भाडी गोठली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली खरी, पण मूळ भाडेच पंचवीस-पन्नास रुपये असेल तर त्या वाढीत कौले चाळणाऱ्याची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. मालकाला खर्च परवडत नाही, भाडेकरूला दुसऱ्याच्या घरावर पैसे घालायचे नसतात. मालकाची मुले गंगापूर रोडला, इंदिरानगरला किंवा पुण्याला गेलेली. कुलूप लागलेला वाडा राहत्या वाड्याच्या आधी पडतो, हे कुठल्याही जुन्या गल्लीत फिरून पाहा.

आणि एक वाडा गेला की शेजारच्याचा आधार जातो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस आली. लगेच घर सोडायचे का?

नोटीस नीट वाचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारत उतरवण्याची किंवा दुरुस्त करण्याची नोटीस देता येते. राज्याच्या नगरविकास विभागाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे अशा इमारतींचे चार वर्ग आहेत. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमच्या नोटिशीत वर्ग लिहिलेला नसेल तर विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

वर्ग सी-१ असेल तर वाद नंतर घाला, आधी माणसे बाहेर काढा. मातीची भिंत भर पावसातच पडते असे अनेकांना वाटते, पण पाऊस थांबून ऊन पडल्यावर भिजलेली भिंत सुकताना चिरते, आणि तेव्हाही ती कोसळते. हक्क कागदावर वाचवता येतो.

मालकाचा इंजिनिअर पाडा म्हणतो, आमचा म्हणतो दुरुस्ती होईल. कोणाचे खरे?

दोन अहवाल जुळत नसतील तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे न्यायची सोय २०१५ च्या त्याच सूचनांमध्ये आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे अहवाल मागितला म्हणून मालकाने रागावण्याचे कारण नाही. तपासणी करणारा माणूस लाकडी सांगाड्याची ओळख असलेला निवडा. काँक्रीटचीच सवय असलेले काही जण वाडा पाहताक्षणी 'पाडा' असे लिहून मोकळे होतात. तुळईची टोके उघडून पाहिली का, खांबाच्या बुडाशी लाकूड टोचून पाहिले का, हे त्यांना विचारा.

वाडा पाडला की भाडेकरूचा हक्क संपतो का?

संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले आहे: भाडेहक्क केवळ भिंतींवर नसतो, इमारत महापालिकेने पाडली तरी तो जमिनीवर टिकतो. मालकाने स्वतः नव्या बांधकामासाठी जागा मागितली, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली त्याला न्यायालयात जावे लागते आणि नव्या इमारतीत भाडेकरूला जागा देण्याच्या अटी पाळाव्या लागतात.

पण हक्क असणे आणि तो सिद्ध करता येणे यात अंतर आहे. दोन खोल्या, माजघराचा अर्धा भाग, वापरातला पोटमाळा, मागच्या अंगणातले न्हाणीघर, हे सगळे तुमच्या ताब्यात होते याचा पुरावा वाडा पडल्यानंतर कुठून आणणार? म्हणून पाडण्याआधी महापालिकेकडून प्रत्येक भाडेकरूच्या क्षेत्राची मोजणी करून तसे प्रमाणपत्र मागा. २०१५ च्या सूचनांमध्ये त्याची तरतूद आहे. 'पाडून झाल्यावर बघू' असे कोणी म्हणाले तर ठामपणे नाही म्हणा. इतर अनेक बाबतीत तडजोड करता येते, इथे करू नका.

नवी जागा किती मिळणार, कोणत्या मजल्यावर, मधल्या काळातले भाडे कोण देणार, काम रखडले तर काय, हे सगळे नोंदणीकृत करारात हवे. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला कागद बिल्डर बदलला की फारसा उपयोगाचा राहत नाही.

मालक भाडे घेत नाही, वर नळ तोडलाय.

भाडे मनीऑर्डरने पाठवा. ते नाकारून परत आले तर तो कागद जपा, न्यायालयात तो पुरावा ठरतो. पाणी, वीज, जिन्यावरचा दिवा यांसारख्या अत्यावश्यक सोयी कारण नसताना बंद करता येत नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली न्यायालयाकडे दाद मागता येते.

आम्ही पागडी भरली आहे. म्हणजे आम्हीही मालक ना?

नाही. पागडीने, म्हणजे जागा भाड्याने घेताना दिलेल्या एकरकमी पैशाने, भाडेकरूपण मिळते, मालकी मिळत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने पागडी घेणे-देणे कायदेशीर केले. त्याआधी तो गुन्हा होता, म्हणून जुन्या पागडीची पावती सहसा सापडत नाही. वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादी, भाडेपावत्या, जे आहे ते एका फाइलीत लावून ठेवा.

शेजारचा वाडा पाडतायत. आमची भिंत सामाईक आहे. काय करायचे?

जुन्या नाशकात हा प्रश्न प्रत्येक गल्लीत आहे. इथे वाडे एकमेकांना टेकून उभे आहेत. एकाच भिंतीत एका बाजूने तुमच्या तुळया शिरलेल्या, दुसऱ्या बाजूने त्यांच्या. दोन्हीकडचे वजन त्या भिंतीला तोलून धरते. एक बाजू काढली की भिंत मोकळ्या अंगाला झुकू लागते. शिवाय शंभर-दीडशे वर्षे घराच्या आत असलेला तिचा कच्चा पृष्ठभाग पहिल्यांदाच उघडा पडतो. त्यावर एक पावसाळा गेला तर पुढच्याची खात्री देता येत नाही.

म्हणून काम सुरू होण्याआधी, शक्यतो दोन्ही घरांच्या समक्ष, भिंतीचा पंचनामा करा. प्रत्येक तड्याचा तारीख दिसेल असा फोटो घ्या. तड्यावर काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवा. पट्टी फुटली की तडा अजून वाढतोय हे कळते, वाद घालायला जागा उरत नाही. भिंत सामाईक आहे की एकाची, हे मिळकत पत्रिकेवरून (प्रॉपर्टी कार्ड) आणि नगर भूमापनाच्या नकाशावरून पाहा. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिताना भिंतीचा उल्लेख पुष्कळदा असतो, तेही काढून वाचा.

पाडकाम वरून खाली आणि सामाईक भिंतीच्या जवळ हाताने व्हायला हवे. तिथे जेसीबीचा धक्का नको. भिंतीत शिरलेली लाकडे हिसकून काढू नयेत, कापून टोके आतच ठेवावीत आणि नंतर पोकळी भरावी. मजला उतरवण्याआधी तिरके धिरे, म्हणजे टेकू, लावावेत. भिंत उघडी पडली की जाळी मारून गिलावा करावा, निदान पत्रे ठोकून ती झाकावी. हा खर्च पाडणाऱ्याचा. यातले काही होत नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागाला आणि पोलीस ठाण्याला त्याच दिवशी लेखी कळवा. प्रकरण गंभीर असेल तर दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो.

मालकांनाही सांगणे आहे. तुमचा बिल्डर 'शेजाऱ्यांचे मी बघतो' म्हणेल, पण त्या घरात तुमच्या आईला हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या काकू राहतात. त्यांच्याकडे स्वतः जा.

नव्या इमारतीला तळघरात पार्किंग करतायत. धोका आहे का?

आहे, आणि तो नाशिकच्या जमिनीमुळे जास्त आहे. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले तेव्हा इथल्या वस्तीचे दोन हजार वर्षांहून जुने थर मिळाले. इतिहास म्हणून ही अभिमानाची गोष्ट आहेच, पण इंजिनिअरसाठी त्यात वेगळी सूचना आहे. जुन्या गावातल्या बऱ्याच जागांखाली थेट मुरूम किंवा खडक लागत नाही. माणसांनी शतकानुशतके टाकलेला भराव, राख, खापरे, जुन्या भिंतींचे अवशेष लागतात, कुठे बुजवलेला आड लागतो. काझीची गढी दर पावसाळ्यात का ढासळते याचे कारणही तेच, तो मातीचा उंचवटा आहे.

अशा जागी माती परीक्षण केल्याशिवाय खोदकाम करू देऊ नका. शेजारच्या पायालगतचा खड्डा एका दमात न खणता थोड्या थोड्या लांबीत खणावा, तेवढ्या भागाला आधार द्यावा, मग पुढे सरकावे. खोदताना जुनी भांडी, नाणी, कोरीव दगड सापडले तर काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

आमच्या जागेवर किती मजले होतील?

डिसेंबर २०२० पासून नाशिकला राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. दाट वस्तीच्या भागात चटई क्षेत्र (एफएसआय), म्हणजे जागेवर एकूण किती बांधता येईल ते, मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि ९ मीटर ही पहिली पायरी आहे. आपल्या बहुतेक गल्ल्या त्याहून अरुंद. म्हणून मेनरोडवरच्या जागेचा हिशेब आतल्या बोळातल्या जागेला लागू होत नाही. बिल्डर आकडा सांगेल तो नगररचना विभागाकडे पंजीकृत वास्तुविशारदाकडून तपासून घ्या, आणि रस्ता रुंदीकरणाची रेषा तुमच्या जागेतून जाते का तेही बघा.

आमचे मत विचाराल तर, अग्निशमनाचा बंब जिथे शिरू शकत नाही तिथे जास्तीत जास्त मजल्यांचा आग्रह धरू नये. उंची मिळाली तरी पाण्याची लाइन, गटार आणि बोळ तेवढेच राहतात.

घर गोदावरीजवळ आहे. बांधकामाला परवानगी मिळेल का?

जलसंपदा विभागाने आखलेल्या दोन रेषा बघायच्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नव्या बांधकामाला मनाई आहे. तिथल्या अधिकृत जुन्या मिळकतीचा पुनर्विकास जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर लागते.

२००८ आणि २०१६ चे पूर पाहिलेल्यांना या नियमाचे महत्त्व सांगावे लागत नाही. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की सराफ बाजार, भांडी बाजार आणि कापड बाजारातले लोक माल वर हलवू लागतात. वाड्यांची उंच दगडी जोती उगाच बांधलेली नव्हती. नव्या इमारतीत तळमजल्याला मीटरची खोली आणि पाण्याची मोटर ठेवतात. पूररेषेजवळ असाल तर मीटर पहिल्या मजल्यावर घ्यायला आत्ताच सांगा.

वारस फार आहेत, सह्या होत नाहीत.

प्रत्यक्षात पुनर्विकास अडतो तो इथेच. मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचे नाव असते. आधी नगर भूमापन कार्यालयात वारसनोंद पूर्ण करा. बहिणींना वगळून चालणार नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. कोणाला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. लग्नात तोंडी दिलेला शब्द कागद होत नाही. सगळ्यांची सही मिळण्याआधी एकाच भावाशी करार करू पाहणाऱ्या बिल्डरपासून दूर राहा.

प्रकल्प महारेरात नोंदलेला नाही. फसवणूक आहे का?

तसेच काही नाही. महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे राज्याचे प्राधिकरण. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका ८ पर्यंत असतील तर रेराची नोंदणी लागत नाही, आणि वाड्यांच्या जागा बहुधा एवढ्याच असतात. म्हणजे जिथे लोक सर्वांत कमी सावध असतात तिथेच हे संरक्षण पोचत नाही. ही त्रुटी दूर व्हायला हवी असे आम्हाला वाटते. तोवर करारातच मुदत, दंड, बँक हमी आणि काम सोडून दिल्यास बिल्डर बदलण्याचा हक्क लिहून घ्या. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो.

जुन्या लाकडाचे काय करावे?

आधी मोजावे. पाडणारा ठेकेदार 'पाडकाम फुकट करून देतो, भंगार माझे' म्हणतो, कारण जुन्या सागाचे खांब, तुळया, कडीपाट, कोरीव चौकटी आणि पितळी कड्या यांची किंमत पाडकामाच्या मजुरीहून जास्त असू शकते. प्रत्येक नगाची लांबी-जाडी लिहून दोन-तीन व्यापाऱ्यांचे भाव घ्या. भाडेकरूच्या किंवा आजीच्या नावाची एखादी फळी, देवळी, दिंडी दरवाजा ठेवायचा असेल तर पाडकामाच्या आधी उतरवा. नव्या इमारतीच्या प्रवेशाला तोच दरवाजा लावता येतो, मापे वास्तुविशारदाला आधी द्यावी लागतात एवढेच.

पाडण्याआधी वाड्याचा साधा नकाशा काढा. ओटा, ओसरी, चौक, माजघर, जिना, विहीर, सगळे मोजून. वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयातले विद्यार्थी हे काम आनंदाने करतात.

वारसा म्हणून कुठला वाडा पाडता येत नाही?

सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा आणि सुंदरनारायण मंदिर ही राज्य संरक्षित स्मारके आहेत. तिळभांडेश्वर लेनमधल्या अभिनव भारत मंदिरासारख्या वास्तूंना इतिहासामुळे वेगळे स्थान आहे. तुमचा वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का ते नगररचना विभागात विचारा. सामान्य वाड्याला मात्र कायद्याचे कवच नाही. तो राखायचा तर मालकालाच राखावा लागतो.

धूळ, आवाज आणि राडारोडा?

रात्री १० ते सकाळी ६ गोंगाटाचे काम करता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. राडारोडा नदीपात्रात किंवा नाल्यात टाकणे गुन्हा आहे. सरस्वती नाला तुंबला की दहीपूल आणि सराफ बाजारात पाणी शिरते, त्यामुळे गाडी कुठे रिकामी होते यावर गल्लीनेच लक्ष ठेवावे.

कॉलेज रोडच्या सोसायट्यांचा पुनर्विकासही असाच असतो का?

नाही. तिथे सहकार कायद्याखालची ४ जुलै २०१९ ची कार्यपद्धती लागते, ज्यात ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी असते. वाड्यात सोसायटी नसते, त्यामुळे ती टक्केवारी इथे दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दोन-तीन वाडे मिळून एकत्र बांधावे का?

जमत असेल तर जरूर. गावठाणाच्या क्लस्टरची, म्हणजे अनेक जुन्या मिळकतींच्या एकत्रित पुनर्विकासाची, चर्चा नाशकात वर्षानुवर्षे चालू आहे, पण शेजारच्या दोन मालकांनी एकत्र येण्यासाठी तिची वाट पाहायची गरज नाही. जागा मोठी झाली की मधे मोकळा चौक सोडता येतो, एक जिना आणि एक लिफ्ट पुरते, आणि सामाईक भिंतीचा प्रश्नच मिटतो. भाडेकरूंची यादी मात्र तिन्ही वाड्यांची एकत्र आणि सहीनिशी हवी.

घरातच धंदा आहे. तांब्याची भांडी घडवतो, पुढे दुकान, मागे घर. नव्या इमारतीत ते बसेल का?

करारात नुसते 'निवासी सदनिका' असे लिहिले गेले तर बसणार नाही. ठोकाठोकीचा आवाज आणि भट्टीचा धूर वरच्या मजल्यावरच्या नव्या सभासदांना चालणार नाही, आणि पहिल्याच वर्षी तक्रार येईल. म्हणून तळमजल्याचा गाळा, त्याची उंची, तीन फेज वीज, धुराड्याची जागा आणि तिथे हाच व्यवसाय चालेल हा उल्लेख, हे सगळे नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी लिहून घ्या. गुमास्ता परवाना आणि जुनी वीजबिले त्याला जोडा. वडिलांच्या नावावर परवाना असेल तर तो आत्ताच स्वतःच्या नावावर करून घ्या, नंतर वाड्याचा पत्ताच राहत नाही.